परदेशी का राहतात?



मुले परदेशी स्थायिक झाली की ‘पैशाचा मोह’ म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान अपुरे आहे. १८३४ पासून मॉरिशसला गिरमिटावर मजूर जाऊ लागले. पुढे त्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. त्यांना पोटाने नेले. करार संपल्यावर अनेकांचे संसार तेथेच रुजले. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने राष्ट्रवार कोटापद्धती मोडीत काढली, तेव्हा आपले डॉक्टर, इंजिनिअर निघाले; त्यांना संधीने नेले. जाण्याचे कारण एक असते, राहण्याचे दुसरेच.

आणि आम्ही? बदलीच्या हुकुमाने दोन वर्षांसाठी म्हणून येथे आलो. मुलांच्या शाळेपायी थांबलो; गावच्या घराला कुलूप लागले. आईच्या अंत्यसमयी आम्ही पोहोचलो ते दुसऱ्या दिवशी. मग मुलांना कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

म्हणून त्यांच्याकडे परतण्याचे वचन मागू नये. आपल्या नातवंडांनी आपल्याशी मराठीत बोलावे, एवढेच मागावे. परमुलखात राहूनही ते साधते, याला पन्नास वर्षांचे हे मंडळ साक्षी आहे.