बाळ काचेत, आई बाहेर



"बाळाला काचेत ठेवलंय," एवढा निरोप गावात आला की सगळ्यांच्या तोंडी तेच प्रश्न असतात. वजन किती भरलं? जन्मल्यावर रडलं का? डॉक्टर काय म्हणाले? हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण त्या काचेच्या दाराबाहेर बाकावर एक बाई बसलेली असते. टाके ओले, अंग ठणकतंय, पदर दुधानं भिजलेला आणि मांडी रिकामी. तिचं कसं चाललंय, हे विचारायचं बहुतेक वेळा राहून जातं. आज आम्ही तिच्याबद्दल बोलणार आहोत. आणि काचेच्या आत रात्रभर उभी असणाऱ्या सिस्टरबद्दलही.

आम्ही आशा म्हणून गावात काम करतो. बाळ दवाखान्यातून घरी आलं की वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन त्याच्या घरी जातो. तिथं चहा होईपर्यंत आया जे बोलतात, त्यातूनच आजचं हे बोलणं तयार झालं आहे.

आधी ती खोली समजून घेऊ. सरकारी दवाखान्यात तिला एसएनसीयू म्हणतात, म्हणजे आजारी नवजात बाळांसाठीचा खास कक्ष. साधारण १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ, ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ, श्वास नीट न घेणारं, जास्त कावीळ झालेलं किंवा जंतुसंसर्ग झालेलं बाळ तिथं ठेवतात. आई पहिल्यांदा आत जाते तेव्हा तिला काय दिसतं? नाकात नळी, पायाला वायर, डोळ्यांवर पट्टी, आणि सारखं टीं टीं वाजणारं यंत्र. समजावून सांगणारं कोणी नसेल तर ती आपल्या मनानंच अर्थ लावते. डोळ्यांवर पट्टी म्हणजे डोळे गेले. यंत्र वाजलं म्हणजे बाळ गेलं.

खरी गोष्ट अशी की कावीळ उतरवायला निळा उजेड देतात आणि त्या उजेडापासून डोळे जपायला पट्टी बांधतात. नाकातोंडातली नळी पुष्कळदा दूध पाजण्यासाठी असते, कारण इतक्या लहान बाळाला ओढून प्यायचं बळ आलेलं नसतं. यंत्र तर बाळानं पाय हलवून वायर सैल झाली तरी वाजतं. एवढं जरी कोणी सांगितलं तरी आईची निम्मी रात्र सुखाची जाते. म्हणून आत गेल्यावर विचारा. "सिस्टर, ही नळी कशाची?" असं विचारण्यात काही कमीपणा नाही. एकदा सांगितलेलं कळलं नाही तर दुसऱ्यांदा विचारा. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात पहिल्या वेळी फारसं काही शिरतच नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती घरातली आहे. बाळ काचेत गेलं की दोष शोधायला सुरुवात होते. "ग्रहणात भाजी चिरली असशील." "हंडा उचललास ना?" "पपई खाल्लीस का?" कोणी म्हणतं, सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. मैत्रिणींनो, हे खरं नाही. बाळ पोटात जितके दिवस जास्त राहतं, तितकी त्याची फुप्फुसं तयार होतात. आठव्या महिन्याचं बाळ सातव्या महिन्याच्या बाळापेक्षा बळकटच असतं. बाळंतपण आधी होण्यामागं आईचा वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, अंगात रक्त कमी असणं, जुळं असणं, फार लहान वयात आलेलं गरोदरपण, दोन बाळंतपणांत कमी अंतर अशी कारणं असतात. पुष्कळदा तर तपासूनही कारण सापडत नाही. ग्रहण आणि भाजीचा त्याच्याशी संबंध नाही.

पण सासू बोलो न बोलो, आई स्वतःलाच बोल लावत असते. "माझ्याच अंगात काहीतरी कमी होतं," हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकलं, त्याचा हिशेब नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बाळ रडतं, तेव्हा हिला पान्हा फुटतो आणि ही तोंड फिरवून झोपल्याचं सोंग करते. पाचवीचा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात जातो. घरी पेढे वाटायचे की नाही, हेच कोणाला कळत नाही. बापाचंही तसंच. तो सह्या करतो, औषधं आणतो, पैशाची जुळवाजुळव करतो, आणि रडायला दवाखान्यामागं जातो. त्याला कोणी विचारलं तर म्हणतो, "सगळं ठीक आहे."

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं हे कितीतरी जणींना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. पण दोन आठवडे उलटले तरी उदासी जात नसेल, बाळ जवळ असूनही त्याच्याकडे बघावंसं वाटत नसेल, निजायला वेळ मिळूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर ते नखरे नाहीत आणि बाहेरचं काही लागलेलंही नाही. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. "मी नसते तर बरं झालं असतं," असं ती म्हणाली तर विषय बदलू नका. शांतपणे सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का ग?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कानात आवाज येतात म्हणाली, किंवा भलतंसलतं बोलू लागली, तर अंगाऱ्याधुपाऱ्यात एक तासही घालवू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता कोणी म्हणेल, बाळ जगतंय का मरतंय याची चिंता असताना आईच्या मनाचं काय घेऊन बसलात? त्याचंच उत्तर आता देतो. आईला सावरणं हा बाळाच्याच उपचाराचा भाग आहे.

दूध घ्या. या बाळांना आईचंच दूध औषधासारखं लागतं. बाळ ओढत नसलं तरी आईनं पहिल्या दिवसापासून, दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा हातानं दूध काढलं तरच ते टिकतं. आणि भ्यालेल्या, उपाशी, टोमणे खाल्लेल्या बाईला पान्हा लवकर फुटत नाही. दुधासाठी तिला धाक घालू नका. पाठीवरून हात फिरवा, गरम काहीतरी प्यायला द्या, बाळाजवळ बसवा.

दुसरं म्हणजे अंगाची ऊब. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या एका दवाखान्यात पेट्या कमी आणि कमी वजनाची बाळं जास्त अशी वेळ आली होती. तिथल्या एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आज आपल्याकडे कांगारू पद्धत म्हणून शिकवतात. पूर्वी असं मानत, की आधी बाळ पेटीत स्थिर होऊ दे, मग आईकडे देऊ. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेनं एक मोठा अभ्यास केला. तो २०२१ साली छापून आला. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं आणि आईची खाटही त्याच कक्षात टाकली, तर मृत्यू चौथ्या हिश्शानं कमी झाले. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना आत घेऊन हात धुणं, बाळाला पुसणं, दूध देणं शिकवायला सुरुवात झाली, आणि २०१७ साली केंद्र सरकारनं देशभरासाठी तशा सूचना काढल्या. म्हणजे घरच्यांना आत घेणं ही आता मेहेरबानी राहिलेली नाही. तुम्ही विचारू शकता, "मला बाळ छातीशी कधी घेता येईल?" आई दमली तर बाप घेऊ शकतो, आजी घेऊ शकते. ज्या बाईला वाटत होतं, आपल्या हातात काहीच नाही, तिच्या हातात बाळ येतं. तिच्या मनाला याच्याइतका मोठा आधार दुसरा नाही.

आता आतल्या सिस्टरकडे वळू. आपल्याला ती कडक दिसते. "इथं गर्दी करू नका," एवढंच तिच्या तोंडून ऐकू येतं. पण एका सिस्टरच्या वाट्याला कितीतरी बाळं असतात. एकाचं सलाईन, दुसऱ्याचा श्वास, तिसऱ्याचं दूध. आठ-आठ दिवस जपलेलं बाळ पहाटे जातं, आणि डोळे पुसायलाही न थांबता तिला शेजारच्या बाळाला दूध द्यायचं असतं. बाहेर नातेवाईक ओरडत असतात. घरी तिचंही मूल झोपलेलं असतं. असं वर्षानुवर्षं झालं की माणूस आतून थिजतं. त्याला आपण उर्मटपणा म्हणतो. कितीदा ते नुसतं थकलेपण असतं.

या सिस्टरांना आणि डॉक्टरांनाही आधार लागतो. बाळ गेल्यावर पाच मिनिटं बसायला जागा आणि "तू केलंस ते योग्य होतं" असं सांगणारं वरिष्ठ माणूस हवं. एकमेकींशी बोलायला आठवड्यातून अर्धा तास हवा. पुरेसा स्टाफ हवा. हे देणं दवाखान्याचं काम आहे. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत किंवा आपल्या लोकप्रतिनिधींसमोर हे मागता येतं. बाळांच्या आयांना झोपायला खाट, संडास-न्हाणीघर आणि समुपदेशक मागाल, तेव्हा त्याच अर्जात सिस्टरांची संख्याही मागा. आपल्या बाजूनं एवढं करू या, की डॉक्टरांशी बोलायला घरचं एकच माणूस ठरवायचं, दहा जणांनी दहा वेळा विचारायचं नाही. तक्रार असेल तर लेखी करायची, हात उगारायचा नाही. आणि बाळ घरी नेताना सिस्टरला नावानं हाक मारून सांगायचं, "ताई, तुमच्यामुळं झालं." पुढच्या वाईट रात्री तिला ते आठवतं.

सगळीच बाळं घरी येत नाहीत. हे बोलायला जड आहे, पण न बोलून चालणार नाही. बाळ गेलं तर आईला ते पाहायचं असेल, जवळ घ्यायचं असेल तर घेऊ द्या. "तिला दाखवू नका, धसका घेईल," म्हणून परस्पर नेऊ नका. "दुसरं होईल," "बरं झालं, पुढं त्रास झाला असता," "देवालाच आवडलं," ही वाक्यं सांत्वनाची वाटतात, पण ती सुरीसारखी लागतात. "तुझ्या बाळाचं फार वाईट वाटलं," एवढं पुरे. नाव ठेवलं असेल तर नाव घ्या. आणि लक्षात ठेवा, बाळ गेलं तरी दूध येत राहतं. छाती दगडासारखी होते आणि कोणाला सांगायची तिला लाज वाटते. थंड ओलं फडकं ठेवा, अगदीच ठणकलं तर बरं वाटण्यापुरतंच दूध काढा, ताप किंवा लाली आली तर दवाखान्यात न्या. तिला बाळंतिणीचा आराम आणि जेवण मिळालंच पाहिजे. बाळ नाही म्हणून ती बाळंतीण नाही, असं होत नाही.

बाळ घरी आलं तरी भीती लगेच जात नाही. दवाखान्यात यंत्र वाजायचं, घरी तर काहीच वाजत नाही. आई रात्रभर बाळाच्या नाकाशी बोट धरून बसते. तिला हसू नका. "दोन तास मी जागते, तू नीज," असं कोणीतरी म्हणा.

शेवटी गटाचं काम सांगतो, कारण हे आपण करू शकतो. दवाखान्यात बाळ पंधरा दिवस, महिनाभरही राहतं. घरी मोठं मूल असतं, म्हशीचं दूध काढायचं असतं, शेतात खुरपणी राहिलेली असते. गटातल्या दहा जणींनी वार वाटून घेतले तर कोणाच्या वाट्याला आठवड्याला एक दिवसही नीट येणार नाही. एकीनं मोठ्या मुलाला शाळेत सोडावं, एकीनं धार काढावी, एकीनं डबा आणि दोन धुतलेली लुगडी दवाखान्यात पोचवावीत. गटातून अंतर्गत कर्ज लगेच मंजूर करा. आणि हेही सांगा, की सरकारी दवाखान्यात आईचं बाळंतपण आणि आजारी बाळाचे एक वर्षापर्यंतचे उपचार, औषधं, तपासण्या, जाण्यायेण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहेत. म्हणून दागिने मोडण्याआधी चौकशी करा.

ज्या बाईचं बाळ पूर्वी काचेत राहून आलं आणि आज अंगणात पळतंय, तिला बरोबर न्या. तिनं नुसतं शेजारी बसून सांगितलं, "माझंही असंच होतं, मीही अशीच बसले होते," तर ते आमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

या महिन्याच्या बैठकीत हफ्ते जमा झाले की पाच मिनिटं काढा. आपल्या गावात सध्या कोणाचं बाळ दवाखान्यात आहे का, विचारा. असेल तर उद्या कोण जाणार, तेवढं ठरवूनच उठा.