डेडलिफ्टचा उतार

नगर शहर असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, व्यायामशाळेच्या भिंतीवर एक सूचना बहुधा रंगवलेली असतेच: वजने आपटू नयेत. त्याच भिंतीला पाठ करून एखादा गडी डेडलिफ्ट मारतो, म्हणजे दीडशे किलोचा रॉड जमिनीवरून मांडीपर्यंत उचलतो, ताठ उभा राहतो, समोरच्या आरशात स्वतःला एकदा बघून घेतो आणि हात मोकळे सोडतो. इमारत हादरते. खालच्या मजल्यावरचा दुकानदार बाहेर येऊन वर बघतो, काउंटरवरून मालकाचा आवाज चढतो आणि वाद सुरू होतो.

आपटणाऱ्याचे म्हणणे, उचलणे हाच व्यायाम. खाली आणताना कंबर जाते. मालकाचे म्हणणे, प्लेटा फुटल्या तर भरून कोण देणार? कोपऱ्यात बसलेल्या वस्तादांचे म्हणणे, खाली ठेवता येत नाही एवढे वजन लावलेच कशाला? वर्षानुवर्षे हा वाद मिटत नाही, कारण एकाला पाठीची काळजी आहे, दुसऱ्याला खर्चाची आणि तिसऱ्याला ताकदीची. प्रश्न एकच वाटला तरी निदान तीन आहेत, आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी येतात.

सगळ्यात सोपे उत्तर स्पर्धेचे आहे. पॉवरलिफ्टिंगची आंतरराष्ट्रीय संघटना 1972 साली स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार स्क्वॉट आणि बेंच प्रेसनंतर डेडलिफ्ट शेवटी येते. खेळाडू गुडघे सरळ आणि खांदे मागे करून स्थिर झाला की मुख्य पंच हात खाली आणून ‘डाउन’ म्हणतो. त्याआधी रॉड खाली गेला तर उचल बाद. हुकूम मिळाल्यानंतरही दोन्ही हातांचा ताबा सुटता कामा नये. वर नेलेले वजन केवळ आपटल्यामुळे बाद झालेला खेळाडू पुढचे कित्येक महिने कोणाशी धड बोलत नाही. जिल्हा स्पर्धेची तयारी करणाऱ्याने सरावात आपटायची सवय लावून घेतली, तर ती सवय मंचावरही त्याच्याबरोबर येते.

वेटलिफ्टिंगमध्ये मात्र रॉड धाडकन पडताना दिसतो, आणि बरीच गल्लत तिथूनच होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी यांनी 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत याच खेळात कांस्यपदके मिळवली. एका छोट्या गावाने एकाच स्पर्धेत तीन पदके आणली. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135, असे एकूण 248 किलो उचलून रौप्य घेतले. सुवर्णपदक एका किलोने हुकले. 139 किलोच्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. डोक्यावर एवढे वजन असताना सांधा दगा देऊ लागला, तर रॉड सोडून बाजूला होणे हाच शहाणपणा. ते वजन हळूहळू खाली आणत बसणे हे वेड ठरेल. म्हणून या खेळात रबरी प्लेटा असतात, लाकडी-रबरी मंच असतो. तरीही इथे मनमानी चालत नाही. पंचांचा इशारा झाल्यावर रॉड शरीरासमोरून खाली न्यायचा आणि तो खांद्यांच्या पातळीखाली आल्यावरच पकड सोडायची, असा नियम आहे. मोबाइलवर ऑलिंपिकचे पंधरा सेकंदांचे तुकडे बघून डेडलिफ्ट आपटणाऱ्याला हा अर्धा भाग दिसलेलाच नसतो.

डेडलिफ्टमध्ये रॉड डोक्यावर जात नाही. प्रमाण आकाराच्या मोठ्या प्लेटेचा व्यास 45 सेंटिमीटर असतो. त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो आणि मध्यम उंचीच्या माणसाला तो तिथून साधारण अर्धा मीटर वर न्यावा लागतो. शंभर किलो वजन अर्ध्या मीटरवरून सोडले, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या पुढे जातो. रबर आणि चटई मिळून ते पाच सेंटिमीटरच्या अंतरात थांबले, तर जमिनीवरचा सरासरी भार एक टन वजनापेक्षा थोडा जास्त भरतो. एका सेंटिमीटरमध्येच थांबले, तर तोच पाच टनांवर जातो. उघड्या फरशीवर ओतीव लोखंडाची प्लेट याहूनही कमी अंतरात थांबते. मालक ओरडतो तो उगीच नाही. आपल्याकडच्या अनेक व्यायामशाळा दुकानांच्या वर भाड्याच्या मजल्यावर चालतात. लोखंडी प्लेटा आणि खाली बिऱ्हाड असेल, तर आपटावे की नाही हा चर्चेचा विषयच उरत नाही.

आता पाठ आणि ताकद. इथे नगर जिल्ह्याला एक फायदा आहे, कारण राज्यातले सर्वांत उंच शिखर, 1646 मीटरचे कळसूबाई, अकोले तालुक्यात आहे. बारी गावातून जो वर जाऊन आला आहे त्याला वेगळे सांगायला नको. चढताना धाप लागते, उतरताना श्वास अगदी मजेत असतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंब मारतात, ते चढणीपेक्षा उतरणीमुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो. असा लांबत जाणारा स्नायू आखडणाऱ्या स्नायूपेक्षा जास्त जोर पेलू शकतो, तेही कमी प्राणवायूत. त्याची किंमत नंतरच्या ठणक्याने चुकवावी लागते.

1952 साली इंग्लंडमध्ये अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तीन संशोधकांनी याचा एक झकास पुरावा दिला. त्यांनी दोन व्यायामाच्या सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचे, दुसऱ्याने उलट फिरणारी पायडले पायांनी रोखायची. दोघांचा जोर सारखाच, पण रोखणाऱ्याला प्राणवायू फार कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग लोकांसमोर झाला, तेव्हा रोखायला लहानखुरी ब्रेंडा बिगलंड होती आणि पायडल मारायला धिप्पाड पुरुष. थोड्याच वेळात पुरुषच दमला.

म्हणजे रॉड खाली आणणे हा व्यायामाचा फुकट मिळणारा भाग आहे, आणि आपटणारा तो जमिनीला देऊन टाकतो. 1984 च्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता निकू व्लाड हा रुमानियाचा वेटलिफ्टर. त्याच्या सरावातली जी उचल पुढे ‘रोमेनियन डेडलिफ्ट’ म्हणून जगभर गेली, तिच्यात रॉड जमिनीला टेकवतच नाहीत. तिचा निम्मा जीव उतारात आहे. धावणाऱ्या, कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींच्या मांडीचा मागचा स्नायू वेगात असताना दगा देतो. अशा लांबवून झेलण्याच्या व्यायामाने ती दुखापत कमी होते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे.

सोडून देण्याच्या बाजूनेही एक भक्कम साक्ष आहे. अमेरिकेची धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्स शाळेत असताना तिच्या ताकदीचा सराव घेणारे बॅरी रॉस रॉड गुडघ्यापर्यंत उचलायला लावत आणि तिथूनच सोडायला सांगत. हेतू सरळ होता: ताकद यावी, पण दुसऱ्या दिवशीच्या धावण्यात ठणका नको. आपल्या मार्केट यार्डातला हमालही हेच करतो. पोते पाठीवरून थप्पीवर टाकतो, वाकून हळुवार ठेवत बसत नाही. साखरेचे पोते शंभर किलोचे होते तेव्हा दिवसभरात अशी किती पोती हलवायची, याचा विचार केला की त्याचे गणित बरोबर वाटते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये एका प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सुचवली. हमालाला मजुरी पोत्यावर मिळते, स्नायूवर नाही. धावपटूला पदक वेळेवर मिळते. या दोघांनी उतार टाळला तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. पण संध्याकाळी तासभर अंग कमवायला येणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

‘खाली आणताना कंबर जाते’ ही तक्रार मात्र खोटी नाही. ती जाते, कारण अनेक जण उतरताना आधी गुडघे वाकवतात. मग रॉडला गुडघ्यांना वळसा घालून पुढे जावे लागते, भार शरीरापासून दूर जातो आणि पाठीची कमान मोडते. आधी कंबर मागे न्यायची, रॉड मांडीला घासत खाली येऊ द्यायचा आणि तो गुडघ्याखाली गेला की मगच गुडघे वाकवायचे. त्याला फार वेळ लावायचीही गरज नाही. सेकंद-दीड सेकंद पुरे. जड वजन पाच-पाच सेकंद उतरवत राहिले, तर पुढच्या उचलीसाठी दम उरत नाही. जमिनीवर टेकवून उसळीने पुन्हा उचलणे ही उलट्या टोकाची लबाडी. तिथे पहिल्या काही इंचांचे काम रबर करते.

पाठीत कळ आली, पकड निसटली, तर अर्थातच सोडावे. पण दोन्ही हात एकदम सोडावेत. एक हात आधी सुटला की रॉड तिरपा होऊन नडगीवर येतो. आणि पाचव्या उचलीला उतार रोजच हातचा जात असेल, तर दोन्ही बाजूंच्या दहा-दहा किलोच्या प्लेटा काढून ठेवाव्यात. पुढचे दोन-तीन आठवडे आरशात जरा कमी भारी दिसेल, एवढेच.