तिरफळ, टोफू आणि मोबाइलमधले फोटो
(रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांच्या छंदांवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमचा छंद सांगा, पण दहा मिनिटांत आटपा." माझे छंद दोन. प्रवासात साधेसुधे फोटो काढणं आणि घरी झणझणीत चायनीज करणं. पहिल्याचा कोणाला त्रास नाही. दुसऱ्याचा ठसका मात्र जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत जातो, हे तक्रारवहीत नोंदलेलं आहे. आज त्याचाच खुलासा करतो.

नोकरीत असताना कंपनीच्या कामासाठी मी तीन आठवडे चीनमधल्या चेंगडूला होतो. सिचुआन प्रांताची ही राजधानी. आपल्या गाड्यांवरचं 'शेजवान' हे नाव याच प्रांताचं. नाव तिथलं, चव मात्र आपली. तिथल्या जेवणाचा खरा शब्द आहे 'माला'. 'मा' म्हणजे जिभेला मुंग्या आणणारं आणि 'ला' म्हणजे तिखट.

पहिल्याच रात्री मापो टोफू खाल्लं. लालभडक तेलात टोफूच्या मऊ वड्या. दुसऱ्या घासाला ओठांना मुंग्या आल्या आणि मी चमचा खाली ठेवला. अहो, ही चव माझ्या ओळखीची होती! मी वेंगुर्ल्याचा. आईच्या बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ दाताखाली आलं की अस्संच व्हायचं. पुढे कळलं, की त्यांचं ह्वाजिआओ आणि आपलं तिरफळ ही एकाच कुळातली भावंडं. दोन्हींतली काळी बी टाकून द्यायची आणि वरचं टरफल वापरायचं.

त्या दिवसापासून माझे फोटो बदलले. बरोबरचे लोक पांडाचे फोटो काढत होते. मी बाजारात मिरच्यांचे ढीग, तागडीवरचे हात, बागेतल्या चहाच्या दुकानातल्या बांबूच्या खुर्च्या आणि झाकणाचे पेले टिपत होतो. भाषा येत नव्हती. मोबाइल दाखवायचा, भुवया उंचवायच्या. समोरचा हसला की फोटो, मान हलवली की राम राम. हॉटेलजवळच्या एका छोट्या खानावळीचं स्वयंपाकघर रस्त्यावरून दिसायचं. तिथल्या आचाऱ्याचे मी ओळीने वीस-पंचवीस फोटो काढले.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मापो टोफू केलं. कृती लिहून आणली होती. तरी रस्सा तपकिरी झाला, टोफूचा चुरा झाला. सौ. म्हणाल्या, "पनीर भुर्जी छान झालीय."

रात्री ते फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. लिहिलेल्या कृतीत नसलेल्या तीन गोष्टी दिसल्या. एक, टोफू आधी गरम पाण्यात पडलेलं होतं. ते मिठाच्या गरम पाण्यात ठेवलं की जरा घट्ट होतं. दोन, आलं-लसूण पडायच्या आधीच कढईतलं तेल लाल झालेलं होतं. तिथे वालासारख्या मोठ्या दाण्यांची आणि मिरचीची, उन्हात मडक्यांत मुरवलेली लाल चटणी असते, दोउबान. ती मंद आचेवर परतून तेलाला रंग सुटू द्यायचा. मी मोठ्या आचेवर जाळली होती, चौथ्या मजल्याचा ठसका तो हाच. तीन, आचारी टोफू ढवळतच नव्हता. पळीच्या पाठीने हलकेच पुढे ढकलत होता. पुढच्या रविवारी जमलं. शाकाहारी मंडळींसाठी खिम्याऐवजी मशरूम घालतो. ह्वाजिआओ संपलं की भाजून कुटलेलं तिरफळ वरून भुरभुरवतो. चव तंतोतंत नाही, पण मुंग्या येतात.

मग मी घरोघर सांगत सुटलो, की फोटो बघून स्वयंपाक शिकता येतो. एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, मग आजीचं तिखलं करा ना. फोटो काढा बघू."

मी अल्बम काढले. आई लग्नात आहे, सत्यनारायणाला आहे, नऊवारीत, ताठ उभी. चुलीपुढे कुठेच नाही. ती तिरफळं ठेचून घालायची की अख्खी? वाटणाबरोबर की उकळी आल्यावर? मला आठवत नाही, आणि विचारायला आता ती नाही. चेंगडूच्या अनोळखी आचाऱ्याने पळी कशी धरली होती ते मी सांगू शकतो. माझ्या आईचा हात कसा चालायचा, ते सांगू शकत नाही. मंडळी, हे मला फार लागलं.

या स्मरणिकेसाठी आपण जुने फोटो मागवले. आले ते भूमिपूजनाचे, झेंडावंदनाचे, गणपतीच्या आरतीचे, सत्काराचे. छान आहेत. पण गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया, टँकरपुढची बादल्यांची रांग, बाकावर मेथी निवडत बसलेल्या आज्या, यांचा एकही फोटो आला नाही. पंचवीस वर्षं आपण खरं तर तेच जगलो.

म्हणून एक विनंती. या रविवारी घरात जे शिजेल त्याचे चार फोटो काढा. आधी कच्चा जिन्नस, मग हात, मग कढई, शेवटी ताट. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरे. कढईचा फोटो एकच नको, रंग बदलेल तसे काढत राहा. आजी म्हणेल, "थांब, साडी बदलून येते." तिला सांगा, फक्त हातांचा काढतोय. आणि पुढच्या रविवारी ते फोटो समोर ठेवून तोच पदार्थ तुम्ही करा. कुठे चुकलं ते आजी सांगेल. विचारायला माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.

चौथ्या मजल्याला वेगळी विनंती. यापुढे ठसका आला की तक्रारवही उघडू नका, आमची बेल वाजवा. वाटी घेऊन या.