एकास सत्त्याऐंशी

(करडी येथील हिवाळी व्याख्यानमालेत झालेलं व्याख्यान)



टेबलावरची ही चार फुटांची फळी तुम्ही मघापासून पाहताय. तिच्यावर दगडी रस्ता आहे, रस्त्यात रूळ आहेत आणि रुळांवर मुंबईची ट्राम उभी आहे. ती आपण चालवणार आहोत, पण आधी थोडं बोलतो. मघाशी एका काकांनी विचारलं, ‘करडीत ट्रामचं काय काम?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर तान्ह्या पोळ्यापासून द्यावं लागेल.

त्या दिवशी आपल्याकडे घराघरांतून लाकडी नंदी निघतो. चार चाकं, पुढे दोरी, गळ्यात माळ. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली मुलांचा हा पोळा सुरू केला असं सांगतात. माझा पहिला नंदी वाढईकाकांनी सागाच्या तुकड्यातून करून दिला होता. त्याचं एक चाक वाकडं बसलं होतं, म्हणून तो ओढला की डावीकडे जायचा. मी चाक काढलं, आस तपासला, भोक कानसीनं सरळ केलं. यात चार दिवस गेले, पण पुढच्या वर्षी नंदी सरळ चालला. पुढे आयुष्यभर फिटरचं काम केलं, आणि सुट्टीत छोट्या गाड्या केल्या. दोन्हींचं मूळ त्या चाकात आहे.

मुंबईची पहिली ट्रामही ओढायचीच होती, घोड्यांनी. 9 मे 1874 रोजी ती सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी हा एक मार्ग आणि बोरीबंदर ते पायधुणी हा दुसरा. स्टर्न्स अँड किटरेज या कंपनीच्या पदरी तेव्हा 900 घोडे होते अशी नोंद आहे. विचार करा, 900 घोड्यांचा चारा, नाल, पाणी! आपल्याकडे चार बैल ज्याच्या गोठ्यात आहेत त्याला हा आकडा समजेल. 7 मे 1907 ला विजेची ट्राम आली, 1920 मध्ये दुमजली आली, आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. मग रुळांवर डांबर पडलं. 2017 साली फ्लोरा फाउंटनच्या परिसरात दुरुस्तीचं काम चाललं होतं, तेव्हा तिथल्या जमिनीखालून ते रूळ पुन्हा वर आले.

आता मापाकडे येतो, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. ही ट्राम खऱ्या ट्रामच्या सत्त्याऐंशी पटीनं लहान आहे. जगातल्या बहुतेक हौशी लोकांची छोटी रेल्वे याच मापाची असते. साडेपाच फुटांचा माणूस या मापात 19 मिलिमीटरचा होतो. या मापाचे तयार रूळ मिळतात, त्यांच्यातलं अंतर 16.5 मिलिमीटर. याला 87 नं गुणा, 1435 मिलिमीटर येतात, म्हणजे चार फूट साडेआठ इंच. आपल्या तुमसर रोड स्टेशनावरून जाणाऱ्या गाडीचा रूळ मात्र 1676 मिलिमीटर रुंद आहे. सत्त्याऐंशीनं भागलं तर सव्वाएकोणीस येतात, आणि बाजारातल्या रुळावर तो बसत नाही. हौशी माणूस तिथे तडजोड करतो, अरुंद रुळावर रुंद गाडी चालवतो. मला ही तडजोड कधीच पटली नाही. मुंबईच्या ट्रामचे रूळ चार फूट साडेआठ इंचांचेच होते. ते तंतोतंत बसतात. म्हणून मी ट्रामकडे वळलो.

दुसरं कारण जागेचं. मोठ्या गाडीला आपल्या रुंद रुळावर, म्हणजे ब्रॉडगेजवर, साधारण 175 मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण चालत नाही. सत्त्याऐंशीनं भागा, दोन मीटर. नुसतं अर्धं वळण घ्यायलाच तेरा फूट रुंदीची खोली हवी. आमच्या घरात तेवढ्या जागेत धानाची पोती असतात. ट्राम मात्र शहराच्या कोपऱ्यावर वळायची असल्यानं तिच्या चाकांच्या दोन जोड्या जवळजवळ ठेवलेल्या असतात, आणि 20 मीटर त्रिज्येचं वळण ती सहज घेते. आपल्या मापात हे झाले 23 सेंटिमीटर. दोन फूट रुंदीच्या फळीवर अख्खा फेरा बसतो, आणि फळी खाटेखाली सरकवता येते.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. 1 एप्रिल 1998 ला ते लोकांसाठी खुलं झालं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन खेळ सलग पाहिले. दिवे मंद होतात, छोट्या शहरात रात्र होते, घरांच्या खिडक्या उजळतात आणि सिग्नल पडून गाडी निघते. एका माणसाच्या छंदाचं एवढं मोठं काम मी महाराष्ट्रात दुसरं पाहिलेलं नाही. पुण्याला कोणी गेलं तर मुलांना तिथे जरूर घेऊन जा. पण माझ्याजवळ तेवढी जागा नव्हती आणि तेवढा पैसाही नव्हता. फळी होती.

पहिली फळी मी भुशाच्या स्वस्त बोर्डाची केली. एका पावसाळ्यात ती फुगली आणि रूळ सापासारखे वाकले. सहा महिन्यांचं काम गेलं. दुसरी चांगल्या प्लायवूडची केली, खाली सागाच्या पट्ट्या मारल्या. तीच ही.

रस्ता कसा केला ते सांगतो, कारण ट्रामची खरी परीक्षा रस्त्यात आहे. रेल्वेचा रूळ खडीवर उघडा असतो. ट्रामचा रूळ रस्त्यात बुडालेला असतो, वरून बैलगाडी गेली पाहिजे, माणूस चालला पाहिजे. चाकाची कड जाईल एवढी खाच मात्र उरली पाहिजे. मी रुळांमध्ये प्लास्टर भरलं आणि ते ओलं असतानाच जुन्या पत्रिकेचा जाड कागद रुळाच्या आतल्या कडेनं ओढत खाच पाडली. मग सुईनं एकेक दगड कोरला. चार फुटांचा रस्ता कोरायला एक हिवाळा लागला. ते करताना मला कळलं की मुंबईच्या रस्त्यावर हे दगड बसवणाऱ्यांनी रुळाशेजारची ओळ किती काळजीनं लावली असेल. पुस्तकात ट्रामबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, ही ओळ मला कुठल्याच पुस्तकानं दाखवली नव्हती.

वरची तार पितळेची आहे, भंडाऱ्याच्या कासाराकडून आणलेली. पितळ आपल्या जिल्ह्याचंच. खांब साडेसहा सेंटिमीटरचे, प्रत्येक खांबावर डाख देऊन तार जोडली. वीज मात्र या तारेतून येत नाही, रुळांतून येते, फक्त 12 व्होल्ट. हात लावला तरी काही होत नाही, मुलांनो, घाबरू नका. गाडीत बोटाच्या पेराएवढी गिअरची मोटर आहे. दोन्ही टोकांना रूळ थोडे तोडून तिथे एकाच दिशेनं वीज जाऊ देणारा एकेक डायोड लावला आहे. त्या तुकड्यात ट्राम पोचली की वीज थांबते आणि ट्राम उभी राहते. थोड्या वेळानं टायमर विजेची दिशा उलटी करतो, डायोड वाट देतो आणि ट्राम परत फिरते. वाहकानं घंटा द्यावी एवढा वेळ ती थांबते, तो मी हट्टानं ठेवला आहे.

वेगाबद्दल मुलं नेहमी भांडतात, जोरात सोडा म्हणतात. हिशेब करू या. शहरातली ट्राम ताशी 20 किलोमीटरनं चालते असं धरा. सत्त्याऐंशीनं भागल्यावर सेकंदाला साडेसहा सेंटिमीटरही होत नाहीत. म्हणजे ही चार फुटांची फळी ओलांडायला 19 सेकंद लागले पाहिजेत. आज घड्याळ लावून पाहा.

आपल्याकडची मोठी अडचण धुळीची आहे. मळणीच्या दिवसांत हवेत बारीक कोंडा उडतो. ट्रामला चारच चाकं, एक चाक कोंड्यावर चढलं की वीज तुटते. रोज चालवण्याआधी सुती कापड स्पिरिटमध्ये भिजवून रूळ पुसायचे, त्याला दुसरा उपाय नाही.

आता आपल्या भागाविषयी. अडीच फुटी रुळावरची छोटी गाडी इथल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरकडे ती जायची. नागपूर-नागभीडची छोटी गाडी 2019 पर्यंत धावली. नाशिकलाही स्टेशनापासून गावात जाणारी घोड्यांची ट्राम अडीच फुटी रुळावरच होती. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर, सत्त्याऐंशीनं भागले तर पावणेनऊ. बाजारात 9 मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. त्या गाडीचं वळणही तीव्र, 44 मीटर त्रिज्येपर्यंत जाणारं, म्हणजे आपल्या फळीवर अर्धा मीटर. मुंबईची ट्राम जशी या फळीवर बसली तशीच आपली छोटी गाडीही एका मोठ्या फळीवर बसेल. नागपूरला मोतीबागेत 2002 पासून या छोट्या लाइनचं संग्रहालय आहे. तिथे इंजिनं जपली आहेत, जाऊन पाहा, टेप घेऊन जा. पण वाटेतली स्टेशनं, पाण्याच्या टाक्या, फलाटावरचे बाक, सिग्नलचे हात संग्रहालयात मावत नाहीत. ते जिथे आहेत तिथेच मोजावे लागतील, आणि छोट्या लाइनच्या जागी रुंद रूळ येताना त्यातलं बरंच काही पाडलं जातं.

म्हणून एक मागणं आहे. ज्यांच्या घरातलं कोणी छोट्या लाइनवर नोकरीला होतं, त्यांनी जुना फोटो, तिकीट, दिवा, घंटा जे असेल ते बाहेर काढावं. शाळेतल्या मुलांनी टेप आणि वही घेऊन उरलेल्या इमारतींची लांबी, रुंदी, दाराची उंची लिहून आणावी, इंचात लिहिली तरी चालेल. पुढच्या तान्ह्या पोळ्यापर्यंत एक स्टेशन मोजून झालं तर ते मी फळीवर उभं करून देईन, आणि ती फळी गावातच राहील.

आता मुलांनो, पुढे या. टेबलाला धक्का देऊ नका. ज्याच्याजवळ घड्याळ असेल त्यानं 19 सेकंद मोजा.