शेवटचा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघांत बोलायची सवय नाही. पण "तुम्हांला जे येते त्यावर बोला" असा आग्रह झाला, म्हणून उभी राहिले. माझे माहेर पेणचे, सासर इथले, रोह्याचे. आषाढ-श्रावणात मी माहेरी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींवर शेवटचा हात फिरवायला जाते. त्या कामातला वैताग आज सांगणार आहे.

साच्यातून निघाली की मूर्ती झाली, असे पाहणाऱ्याला वाटते. खरे काम तिथून पुढे. शाडूची माती गुजरातेतून येते आणि वाळताना आकसते. जाड भाग बारीक भागाला मिळतो तिथे, म्हणजे कानाच्या मुळाशी, मनगटाशी, केसासारखी चीर पडते. आपल्या मोदकाच्या पारीसारखेच हे. हात कोरडा असला तर पारी फाटते, पाणी जास्त झाले तर चिकट होते. चिरेत त्याच मातीचा लगदा भरावा, तर दुसऱ्या दिवशी शेजारी नवी चीर हजर! भरलेली माती ओली, भोवतालची कोरडी. दोघींचे आकसणे वेगळे. म्हणून आधी भोवतालचा भाग ओलसर करायचा आणि थोडे थोडे भरायचे.

त्यात आपला कोकणातला पाऊस. लवकर वाळावी म्हणून उन्हात ठेवली तर मूर्ती तडकते. आत ओल असताना रंग दिला तर पोपडे येतात. चतुर्थी मात्र कुणासाठी थांबत नाही. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा ती १९ सप्टेंबरला आली. २०२५ साली २७ ऑगस्टला. हातचे तीन आठवडे गेले!

मग घासणे, पांढरे अस्तर, अंगाचा रंग, पितांबर, दागिने आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. रेघ तांदळाच्या कणीएवढी सरकली तरी देव रागावलेला दिसतो.

प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते, म्हणून कारखाने त्याकडे वळले. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्ती नकोत असे सांगितले. पाण्याच्या दृष्टीने ते योग्यच. पण शाडू हवा म्हणजे वाळवण हवे, वेळ हवा आणि चिरा बुजवणारे हात हवेत. ते हात बहुधा बायकांचे असतात.

एका वर्षी एका व्यापाऱ्याने सुतासारख्या चिरांसाठी मूर्ती परत पाठवल्या. साच्याला दोष नाही, मातीला नाही, पावसालाही नाही. पैसे कापले गेले ते शेवटचा हात लावणाऱ्या आम्हां बायकांचे! जिचा हात शेवटचा, तिच्या माथी सगळ्यांचा दोष.

भगिनींनो, माझे मागणे एवढेच. शाडूची मूर्ती हवी असेल तर वैशाखातच सांगा आणि थोडा इसार द्या. पावसाआधी मूर्ती साच्यातून निघाली तर निम्म्या चिरा पडणारच नाहीत. आपल्या मंडळाने सगळ्या घरांची मागणी एकत्र नोंदवली तर फारच उत्तम. आणि मूर्ती घेताना कानामागे एखादी बुजवलेली चीर दिसली, तर ती खोट समजू नका. तिथे कुणीतरी बाई दोन दिवस बसली होती, एवढे ध्यानात असू द्या.