आता नवीन काय?



सकाळपासून गप्पांत एकच सूर ऐकतोय, "पन्नाशी उलटली, आता नवीन काय करणार?"

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. व्यवसाय सांभाळून नाटकं करत. चाळिशी ओलांडल्यावर, १९६९मध्ये, डॉक्टरकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले. १९७०मध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. विशीत निवडलेली डॉक्टरकी चुकीची नव्हती. ती त्या वयाची निवड होती. नाटकाची ओढ सोबत वाढत राहिली.

आपल्या नोकरीनं घर उभं केलं, मुलं शिकवली. तिचे उपकार आहेतच. पण आता पेटी, शेती, शिकवणं, जे खुणावतंय त्याला रोज तासभर देऊया. आणि घरातल्या दहावीच्या मुलांना सांगूया, "आजचं उत्तर आजपुरतं असलं तरी चालेल."