सौरफलक : पातळ की जाड?

श्रोतेहो, पाण्याच्या बाबतीत आपला नगर जिल्हा तुटीचा. पण उन्हाची तूट आपल्याला कधी पडली नाही. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तेव्हा आरंभाच्या गावांत आपले राळेगण सिद्धी होते. आता शेतकरीही विचारतो, फलक कोणता घ्यावा?

फलकांच्या मुख्य जाती दोन. नेहमीचा फलक सिलिकॉनच्या चकत्यांचा. ही चकती कागदाहून थोडी जाड, सुमारे दीडशे मायक्रॉनांची. दुसरा पातळ थराचा. यात काचेवर कॅडमियम टेल्युराइडसारख्या द्रव्याचा अवघ्या काही मायक्रॉनांचा लेप असतो. माल इतका कमी लागतो, तेव्हा हाच स्वस्त पडणार, असं कुणालाही वाटेल. २००८ साली सिलिकॉन भलतेच महाग होते, तेव्हा तसं होतंही. पण कारखाने वाढले, सिलिकॉनचे भाव कोसळले. ज्याची बचत करायची तेच स्वस्त झालं! पातळ थराचे फलक करणाऱ्या अमेरिकेतल्या सोलिंड्रा कंपनीचे २०११ साली दिवाळे निघाले.

शिवाय खर्च काही एकट्या फलकाचा नसतो. समजा, पाच अश्वशक्तीच्या पंपाला ५ किलोवॅटचे फलक हवेत. उन्हातली २० टक्के शक्ती विजेत उतरली, तर २५ चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठा फलक पुरतात. पूर्वीच्या पातळ फलकांप्रमाणे १० टक्केच उतरली, तर अर्धा गुंठा लागतो. मग लोखंडी सांगाडा, तारा, मजुरी, सगळंच वाढतं. फलक जसजसा स्वस्त होतो, तसतसा हा बाकीचा खर्चच डोईजड होतो.

म्हणून पातळ फलक बाद झाला का? नाही. कॅडमियम टेल्युराइडचे आजचे चांगले फलक १८-१९ टक्क्यांपर्यंत आले आहेत. फलक तापला की वीज घटते. ही घट त्यांच्यात नेहमीच्या सिलिकॉनपेक्षा कमी. आपल्या वैशाखात हा गुण मोलाचा. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळच्या शिवाजीनगरला महानिर्मितीने २०१३ साली एकाच प्रकल्पात दोन्ही जाती बसवल्या. २०२४ साली फर्स्ट सोलर कंपनीचा पातळ फलकांचा मोठा कारखाना तमिळनाडूत सुरू झाला. तरी जगाच्या बाजारात मोठा वाटा सिलिकॉनचाच आहे.

तेव्हा विक्रेत्याला पातळ की जाड हे विचारू नका. जागा किती लागेल, उभारणीसकट खर्च किती, पंचवीस वर्षांत युनिटे किती मिळतील आणि फुटका फलक परत कोण नेईल, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं कागदावर लिहून घ्या, आणि मगच पैसे मोजा.